मैदानाची किल्ली

आमच्या समोरच्या शाळेचं मोठं फाटक २०२४ साली माझ्यासाठी दोनदा उघडलं. २० मे रोजी लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी. नेरूळमध्ये या शाळेसमोर राहून मला एकोणीस वर्षं झाली. शाळेची घंटा, प्रार्थना, स्नेहसंमेलनाच्या तालमीतलं एकच गाणं चाळीस वेळा, हे सगळं माझ्या बाल्कनीत येतं. मी तिकडे गेलो तो फक्त मतदार म्हणून.

नोव्हेंबरात रांग मोठी होती. माझ्यापुढे इथल्या मूळ गावातल्या एक आजी होत्या. पायाखालच्या पेव्हर ब्लॉककडे बोट दाखवून त्या सांगत होत्या, इथून त्या भिंतीपर्यंत सासऱ्यांची भातखाचरं होती, त्याच्या पलीकडे खाजण. नातू कुठल्या शाळेत आहे, असं मी विचारलं. पालिकेच्या, म्हणाल्या. आणि या शाळेत कधी येणं होतं? त्या हसल्या. मतदानालाच की. म्हणजे ज्यांची जमीन गेली त्या आजी आणि ज्याने त्या जमिनीवर कर्ज काढून फ्लॅट घेतला तो मी, आमची दोघांची या शाळेशी ओळख अगदी सारखी निघाली.

शाळेला लागून मैदान आहे. चांगलं ऐसपैस, लाल मातीचं, कडेने गुलमोहर. संध्याकाळी पाचनंतर त्याला कुलूप असतं. फाटकाची खालची लोखंडी पट्टी जमिनीपासून वीतभर वर आहे. बाकीचं सगळं फाटक गंजलंय, ही पट्टी मात्र मधोमध दोन-अडीच फूट चकचकीत आहे. कारण रोज संध्याकाळी दहा-बारा वर्षांची पोरं पोट आणि पाठ घासत तिच्याखालून आत सरकतात. आधी बॅट सरकते, मग स्टंप, मग सगळ्यात बारीक पोरगं, आणि शेवटी एक जाडगेला असतो त्याला दोघं आतून ओढतात. वीस मिनिटांनी वॉचमन येतो, शिट्टी मारतो, पोरं उलट क्रमाने बाहेर येतात. वॉचमनलाही यात फार रस नसतो. एकदा मला म्हणाला, काका, माझी पोरं गावाला आहेत, ती तिकडे दिवसभर खेळतात, मी इथे दुसऱ्यांच्या पोरांना हाकलतो.

आता हे मैदान कोणाचं? नवी मुंबईत या प्रश्नाला कागदावर उत्तर आहे, म्हणून तर मला तो सोडवत नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली, १९७० मध्ये त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेऊन हे शहर उभं राहिलं. सेक्टर आखताना शाळेची जागा आधीच धरलेली असायची, पोरं चालत जातील अशा अंतरावर. शिक्षणसंस्थांना भूखंड मिळाले ते सवलतीच्या दराने आणि भाडेपट्ट्याने, कायमची मालकी म्हणून नव्हे. शेजारी मैदानाचे भूखंड दिले, तेव्हा शाळेची वेळ संपल्यावर ते आसपासच्या रहिवाशांना खुले ठेवावेत अशी अट घातली गेली. ही अट काही गुपित नाही. वर्षा-दोन वर्षांनी कुठल्यातरी नोडमधले, म्हणजे शहराच्या एखाद्या विभागातले, रहिवासी तिची आठवण करून देतात, बातमी येते, नोटिसा निघाल्याचं कळतं, चार दिवस फाटक उघडं राहतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा कुलूप.

शाळांवरून आपल्याकडे भांडणं काही कमी होत नाहीत. चौथीपर्यंतची शाळा सकाळी नवाच्या आधी भरवू नये या २०२४ च्या आदेशावर बसवाल्यांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे बोलले. पहिलीपासून हिंदीवर तर २०२५ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत राज्य तापलं आणि २९ जूनला सरकारला दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले. ते व्हायलाच हवं होतं, असं मला वाटतं. पण या सगळ्या वादांत शाळेच्या आत बसलेल्या मुलाला काय शिकवायचं, कधी शिकवायचं, कुठल्या भाषेत, एवढंच येतं. शाळेच्या भिंतीबाहेर जे राहतात त्यांचं शाळेशी काही देणंघेणं आहे की नाही, यावर मोर्चा निघालेला मी पाहिला नाही. माझं म्हणणं एवढंच की आहे. जमीन वस्तीच्या वाट्याची, दर सवलतीचा, रस्ता, पाणी, दिवे सगळ्यांच्या करांतून. तर शाळा फक्त तिथे फी भरणाऱ्यांची कशी होईल?

आमच्या पिढीला हे कोणी समजावून सांगायची गरज पडली नव्हती. मी वाढलो ठाण्यात, नौपाड्यात. शाळा सुटली की मैदानाची मालकी बदलायची. एका कोपऱ्यात शाखा, दुसऱ्या कोपऱ्यात सेवादलाची पोरं, मधे आमचं क्रिकेट, आणि दिवेलागणीला कबड्डीवाले येऊन आम्हाला हुसकायचे. शिपाईमामा तिथेच राहायचे, नळ उघडा ठेवायचे, आणि कोणी शिवी दिली तर घरी निरोप पोचवायचे. मामांना सगळ्यांचे आईबाप माहीत होते, हीच काय ती सुरक्षाव्यवस्था. मी जुन्या दिवसांचे कढ काढत नाही. त्या मैदानावर मुली जवळजवळ नसायच्या, आणि काही वाड्यांतली पोरं कडेला उभी राहून नुसती बघत, हेही मला आठवतं. पण कुलूप नव्हतं. आज त्याच ठाण्यात गावदेवी मैदानाच्या पोटात वाहनतळ आहे आणि घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांत मैदान पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांच्या गच्चीवर, चढलंय, हिरव्या प्लास्टिकच्या गवतासकट. तिथे तर पट्टीखालून सरकायचीही सोय नाही, लिफ्टला कार्ड लागतं.

शाळांची बाजू मी ऐकलेली आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. एका मुख्याध्यापिकाबाईंनी मला शांतपणे यादीच ऐकवली. मैदान उघडं ठेवलं त्या महिन्यात दोन नळ तुटले, गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी पायऱ्या रंगल्या, सोमवारी सकाळी पहिलीच्या मुलांना लांब उडीच्या वाळूत बाटलीची काच मिळाली. उद्या बाहेरच्या मुलाचा हात मोडला तर पोलीस कोणाला बोलावतील? मला. संध्याकाळच्या वॉचमनचा पगार कोण देणार? पालिका? त्यांनी लेखी द्यावं. बाईंचा एकही मुद्दा खोटा नव्हता. अट घालणाऱ्यांनी अट घातली, पण झाडलोट, दिवे, जबाबदारी, विमा यांचं काय, ते अटीच्या शेजारी लिहून ठेवलं नाही. आपल्याकडचे बरेच चांगले नियम असेच अर्ध्यावर सोडलेले असतात. मग ते न पाळणाऱ्याला कायम एक सबळ कारण मिळतं.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. तो बदलापूरनंतर फार जोरात आला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीस आलं, २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल तासन्‌तास बंद पडल्या. त्यानंतर ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही पालकाला 'शाळा उघडी ठेवा' म्हणणं अवघड झालं. मलाही झालं, माझी भाची त्या पट्ट्यातच राहते. पण जरा थांबून बघावं. ज्याच्यावर आरोप होता तो भिंतीवरून उडी मारून आलेला नव्हता, शाळेतच कामाला होता. घडल्याचं सांगितलं गेलं ते शाळेच्या वेळेत, बंद फाटकाच्या आत. आणि लोक चिडले ते घटनेइतकेच नंतरच्या दिरंगाईवर: पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी तिष्ठत बसावं लागलं यावर. सरकारने मग सीसीटीव्ही बंधनकारक केले. कॅमेरे हवेतच. पण कॅमेऱ्याचं चित्रण पुन्हा त्या फाटकाच्या आतल्या माणसांच्याच ताब्यात असतं. जिथे संध्याकाळी पन्नास घरांतली माणसं येऊन-जाऊन असतात, ज्यांना शिपाई नावाने ठाऊक असतो आणि शिपायाला ते, तिथे गोष्ट दडपायला जास्त कष्ट पडतात. वर्ग, स्वच्छतागृहं, इमारत बंद ठेवा, त्याला कोणाची हरकत असणार? मी मैदानाबद्दल बोलतोय, तेही शाळा सुटल्यावर.

आणि बाहेरच्यांची एवढी भीती खरी असती, तर ती पैशाने कमी झाली नसती. आमच्या नोडमधल्या एका मैदानाच्या फाटकावर 'बाहेरच्या व्यक्तींना सक्त मनाई' अशी पाटी आहे आणि तिच्या बरोबर खाली क्रिकेट कोचिंगचा फ्लेक्स, महिन्याची फी छापलेला. शनिवार-रविवार तिथे पूर्ण पांढऱ्या पोशाखातली मुलं येतात, किटबॅग ओढत. तीही बाहेरचीच, काही तर पनवेलहून येतात. म्हणजे बाहेरचा माणूस धोकादायक असतो तो पावती फाडेपर्यंत.

इथवर वाचून सोसायट्यांमधले माझे शेजारी माना डोलावतील. आता त्यांच्याबद्दल. गेल्या मार्चात मी एक अर्ज लिहिला. अटीप्रमाणे मैदान संध्याकाळी साडेपाच ते आठ खुलं करावं, असा साधा मजकूर. सह्या घ्यायला सोसायट्या हिंडलो. पहिल्या तीन ठिकाणी पटापट सह्या झाल्या. ज्येष्ठ नागरिकांना चालायला जागा हवी होती, गुडघ्यांना डांबर सोसत नाही. चौथ्या सोसायटीच्या अध्यक्षांनी पेन उघडलं, अर्ज पुन्हा वाचला आणि विचारलं, "म्हणजे गावातली पोरंही येणार का?" मी म्हटलं, मैदान सगळ्यांना म्हणजे त्यांनाही. "आणि त्या नाल्यापलीकडची?" तीही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "कमिटीत ठेवतो," म्हणाले. पाचव्या सोसायटीने तर ओळखपत्राची अट घालायला सुचवलं: ज्यांचा मेंटेनन्स भरलेला आहे त्यांनाच प्रवेश.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की कुलूप एकट्या संस्थेने लावलेलं नाही. संस्थेच्या हातात किल्ली आहे, पण कुलूप आम्हा सगळ्यांना सोयीचं आहे. शाळेने आमच्यासाठी उघडावं आणि त्यांच्यासाठी बंद ठेवावं, अशी आमची मागणी. ते 'त्यांच्यासाठी' फाटकाला वेगळं करता येत नाही, म्हणून सगळ्यांसाठीच बंद. ज्या गावांच्या लोकांनी १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी त्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे जासईला उभं राहून गोळ्या झेलल्या, पाच जण गेले, त्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्यांच्या नातवंडांना आम्ही त्यांच्याच खाचरावर 'बाहेरचे' म्हणतो. बोलायला अवघड वाटतं, पण असंच आहे.

हाच डाव २५ टक्क्यांच्या बाबतीत खेळला गेला, म्हणून त्याचा उल्लेख इथे करायला हवा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. विनाअनुदानित शाळांनी पहिल्या प्रवेशवर्गातल्या किमान २५ टक्के जागा परिसरातल्या दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या, हे त्यात आहे. यातला 'परिसर' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. त्याची मुळं कोठारी आयोगापर्यंत जातात. १९६६ च्या त्या अहवालात शेजारशाळेचा विचार मांडलेला आहे, आणि आयोगाचे सदस्य-सचिव होते आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. मालकाचं पोर आणि मोलकरणीचं पोर एकाच वस्तीतलं, तर एकाच शाळेत जावं, इतकी सरळ कल्पना. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने अधिसूचना काढली आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी विनाअनुदानित शाळांना या जागांतून मोकळं केलं. नवी मुंबईसारख्या शहरात किलोमीटरभरात पालिकेची शाळा नसेल अशी खासगी शाळा शोधावी लागेल. म्हणजे गरिबाच्या पोराला त्याची शाळा जवळ आहे ना, मग या शाळेकडे कशाला बघायचं? मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला ती अधिसूचना रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानेही पुढच्या महिन्यात हस्तक्षेप केला नाही. न्यायालयं होती म्हणून वाचलं. आमच्या सोसायट्यांमध्ये मतदान घेतलं असतं तर अधिसूचना भरघोस मतांनी पास झाली असती, अशी मला दाट शंका आहे.

संस्थाचालक इथे प्रतिपूर्तीचं, म्हणजे या मुलांच्या फीपोटी सरकारकडून मिळायच्या पैशांचं, रडगाणं गातात, आणि ते रडणं खरं आहे. राज्य एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरवतं आणि तेही वेळेवर देत नाही. पण थकबाकीचं उत्तर थकबाकी फेडणं हे असतं, मुलाला बाहेर काढणं नव्हे.

मग बाहेरच्यांचं म्हणणं मांडायची जागा कुठे आहे? कुठेच नाही, असं दिसतं. अनुदानित आणि पालिकेच्या शाळांना कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती लागते, तीत तीन चतुर्थांश पालक, शिवाय स्थानिक लोकप्रतिनिधी. विनाअनुदानित शाळांना हे कलम लागूच नाही. फी नियमनाच्या २०११ च्या राज्य कायद्यात पालक-शिक्षक संघ आहे, त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडतात. पण तो विषय फीपुरता आणि माणसं फक्त पालक. त्यातही २०१८ च्या दुरुस्तीनंतर फीची तक्रार करायला २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. जिथे पालकांचीच ही गत, तिथे समोर राहणाऱ्या माझ्यासारख्याला आणि त्या आजींना कोण विचारतो?

भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे वसतिगृहं चालवली ती घरोघरच्या मूठ-मूठ धान्यावर. त्या मुठीचा उपयोग धान्यापुरता नव्हता, असं मला वाटतं. ज्या बाईने मूठभर ज्वारी दिली तिला वसतिगृहात जाऊन विचारायचा हक्क होता, पोरं जेवली का. आमच्या शहरात ती मूठ आधीच देऊन झालेली आहे, जमिनीच्या रूपात. हक्क बजावायला मात्र फाटकापाशी शिट्टी ऐकावी लागते.

मला जे हवंय ते फार मोठं नाही. प्रत्येक शाळेच्या मैदानाच्या फाटकावर भाडेपट्ट्यातल्या अटी मराठीत रंगवून लावाव्यात, भूखंड क्रमांकासकट, म्हणजे वॉचमनपासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांना वाचता येतील. मैदानाला शाळेच्या आवारातून वेगळं, रस्त्याकडून उघडणारं फाटक असावं. आमच्याकडे ते आहेच, फक्त बंद आहे. संध्याकाळच्या तासांची जबाबदारी पालिकेने घ्यावी: एक माणूस, दोन दिवे, एक नळ, कचऱ्याचा डबा आणि अपघाताचा विमा. ज्या पालिकेला उद्यानांना माणसं नेमता येतात तिला हे जमत नाही, असं म्हणू नये. मोडतोड झाली तर भरपाई पालिकेकडून, महिन्याभरात, नाहीतर शाळेला पुन्हा कुलूप लावायची मुभा. म्हणजे बाईंनाही न्याय मिळेल. कोचिंग चालवायचं असेल तर आठवड्यातले दोन दिवस, आणि त्या फीमधून मैदानाचा खर्च निघावा. मुलींसाठी तीन दिवस पहिला तास राखून ठेवावा, नाहीतर दहावीच्या पोरांचं क्रिकेट सगळं मैदान खाऊन टाकतं; आमच्या नौपाड्यात तेच झालं होतं.

किल्ली कोणाकडे असावी यावर मात्र माझं मत पक्कं झालेलं नाही. नगरसेवकाकडे दिली तर महिन्याभरात वाढदिवसाचा मांडव पडेल. सोसायट्यांच्या महासंघाकडे दिली तर काय होईल ते मी चौथ्या सोसायटीत पाहिलं. शाळेकडे तर ती आहेच. गावातल्या कबड्डी मंडळातला एक आणि सोसायट्यांमधला एक, दोघांकडे एकेक, असं मी अर्जाच्या शेवटी हाताने लिहून जोडलं. विभाग कार्यालयातल्या बाबूने ते वाचून मान वर केली आणि विचारलं, "दोघांची भांडणं झाली तर?" होतीलच, मी म्हटलं. त्याने पोच दिली.